घरांच्या नफ्यातून खेळाचे शिक्षण

एक प्रस्ताव विचारासाठी घेऊ. शहरातील एखाद्या जुन्या वस्तीच्या जागी परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प उभा राहतो. त्यातील काही घरे मूळ रहिवाशांना मिळतात, काही अल्प उत्पन्न गटासाठी राखली जातात आणि उरलेली बाजारभावाने विकली जातात. या विक्रीतून येणाऱ्या नफ्याचा ठरावीक हिस्सा त्याच वस्तीतील मुलामुलींच्या क्रीडाशिक्षणासाठी खर्च करावा, असे करारातच लिहून ठेवायचे. या कल्पनेला पहिल्या ऐकण्यात कोणी विरोध करील असे वाटत नाही. घर मिळते, खेळ मिळतो आणि करदात्याच्या खिशाला हात लागत नाही. आमचाही विरोध नाही. परंतु ज्या मजकुराला पहिल्या वाचनात सगळेच मान डोलावतात, तो पुन्हा एकदा सावकाश वाचावा, एवढे तरी साहित्याच्या अभ्यासाने आपल्याला शिकवलेले असते. नगररचनेचे नियम, करार आणि आराखडे हेही मजकूरच आहेत. त्यांतील एकेका शब्दावर माणसांची आयुष्ये उभी राहतात आणि कोसळतात. म्हणून या प्रस्तावाकडे आधी भाषेच्या वाटेने आणि मग मुंबईच्या इतिहासाच्या वाटेने पाहावे, असे आम्ही ठरवले आहे.

प्रारंभ ‘परवडणारी’ या विशेषणापासून करू. मराठीत ‘परवडणे’ हे क्रियापद एकटे राहू शकत नाही. त्याला चतुर्थीतला माणूस लागतो: मला परवडते, त्यांना परवडत नाही. कोणाला, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. पण त्याच क्रियापदाचे ‘परवडणारी घरे’ असे विशेषण झाले की तो चतुर्थीतला माणूस गळून पडतो. घर आता कोणाला परवडते हे सांगावे लागत नाही, ते आपले आपणच परवडणारे होते. म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे उत्पन्न गट असतात. हे गट म्हणजे त्या हरवलेल्या माणसाला परत आणण्याचा प्रशासकीय प्रयत्नच होय. तरीही २०२३च्या मुंबईच्या सोडतीत ताडदेवच्या काही सदनिकांची किंमत साडेसात कोटी रुपयांच्या आसपास होती. सोडत सार्वजनिक, संस्था सार्वजनिक, जाहिरात सार्वजनिक, मात्र ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारला की सारेच अवघडून जाते. म्हणून ज्या प्रस्तावात हे विशेषण येईल तेथे वाचकाने पहिल्यांदा चतुर्थी शोधावी. ‘स्थानिक मुले’ या शब्दांचेही तसेच. स्थानिक म्हणजे प्रकल्पापूर्वी तेथे राहणारी, की प्रकल्प झाल्यानंतर तेथे राहावयास येणारी? या दोहोंमधील अंतर पुष्कळदा एका पिढीचे आणि एका वर्गाचे असते.

दुसरा शब्द ‘मोकळी जागा’. या शब्दाच्या अर्थावरून मुंबईत जे घडले ते भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने या जमिनीची ढोबळ मानाने तीन भागांत वाटणी ठरवली. एक भाग महापालिकेकडे उद्याने आणि मैदानांसाठी, एक म्हाडाकडे सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे. म्हणजे आज आपण ज्याला नवी कल्पना समजतो त्या कल्पनेची घर, मैदान आणि नफा ही तिन्ही अंगे त्या नियमात आधीच होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. तिचा परिणाम असा, की वाटणी करायची ती केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या इमारती पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल तिची नव्हे. गिरणीच्या आवारात बांधकामाविना उरलेली जागा ती कितीशी असणार? पर्यावरणवादी संस्थेने दाद मागितली. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘मोकळी’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि संकुचित अर्थ कायम झाला. एका विशेषणाची व्याप्ती आक्रसली आणि त्यासरशी गिरणगावाच्या वाट्याला येणारी घरे आणि मैदाने आक्रसली. शब्दार्थाच्या चर्चेला कोरडी म्हणणाऱ्यांनी लालबाग ते लोअर परळ असा एकदा पायी फेरफटका मारावा.

आता इतिहासाकडे वळू. एका गोष्टीवर कर बसवून किंवा एकीच्या नफ्यातून दुसरीचा खर्च भागवण्याची युक्ती आपल्याकडे निदान शंभर वर्षे जुनी आहे. गव्हर्नर लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता आणि त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या कापसाने कामगार शहरात आणला त्या कापसानेच त्याला छप्पर द्यावे, असा तो हिशेब. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर चाळीत ८० खोल्या, म्हणजे साडेसोळा हजार खोल्या. उरलेल्या संकल्पावर पडदा पडला. या खात्याच्या कारभारावर, विशेषतः बॅकबेच्या भरावावर, वीर नरिमन यांनी केलेले आरोप प्रसिद्ध आहेत. सुरुवातीला कामगारही या सिमेंटच्या चाळींकडे फारसे फिरकले नाहीत. पुढे मात्र याच बीडीडी चाळी सव्वाशे नव्हे तरी शंभर वर्षांच्या कामगार-संस्कृतीचे घर झाल्या. या कहाणीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. असा निधी उभा करता येतो, ही पहिली. आणि संकल्पाचा आकडा व सिद्धीचा आकडा यांत पन्नास आणि सोळा एवढे अंतर पडू शकते, ही दुसरी.

या चाळींत खेळाचे शिक्षण कोणत्या निधीतून झाले? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर आजच्या प्रस्तावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. खोली १६० चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसे. त्यामुळे वयात येणारा मुलगा घरात राहूच शकत नसे. तो दोन चाळींमधल्या पटांगणात, व्यायामशाळेत किंवा मंडळाच्या खोलीत वाढला. गिरणगावात गल्लोगल्ली कबड्डीचे संघ निघाले ते याच भूगोलातून. कबड्डीला फार काही लागत नाही. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे एकशे तीस चौरस मीटर. आजच्या भाषेत चौदाशे चौरस फूट. बीडीडीच्या नऊ खोल्यांत हे मैदान मावेल. माती चाळून, पाणी मारून मैदान तयार करणे, चुन्याने रेघा आखणे, पेट्रोमॅक्स किंवा विजेची माळ टांगणे हे सारे मुलेच करीत. पैसा वर्गणीचा. शिकवणारा म्हणजे मंडळातला जुना खेळाडू, जो पाळी संपवून मैदानावर येई. या व्यवस्थेत कोणाचा नफा नव्हता, म्हणून कोणाचे उपकारही नव्हते. पंचाचा निर्णय चुकला तर मंडळातच भांडण होई आणि मंडळातच मिटे. मैदान कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते.

या चित्राला आम्ही सोन्याचा मुलामा देऊ इच्छित नाही. ही व्यवस्था बव्हंशी मुलग्यांची होती. मुलींच्या वाट्याला पटांगण आले ते पहाटे पाण्याच्या रांगेसाठी किंवा सणावारी. त्यातूनही मुलींचे कबड्डी संघ उभे राहिले, ही त्या मुलींची आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या मोजक्या माणसांची कमाई. जात हाही प्रश्न होताच. कोणत्या चाळीतला मुलगा कोणत्या आखाड्यात जातो, हे केवळ अंतरावर ठरत नसे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ही व्यवस्था गिरणीच्या पगारावर उभी होती. पगार थांबला तेव्हा वर्गणी थांबली.

गिरणगावाबाहेर पाहायचे झाल्यास कायद्याने उभा राहिलेला एक नमुनाही आपल्याकडे आहे. १९५३च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने एक मंडळ स्थापन झाले. कामगारांना न दिले गेलेले वेतन, त्यांच्याकडून वसूल झालेले दंड आणि नंतर कामगार, मालक व शासन यांची वर्गणी यांतून त्याचा निधी उभा राहिला. मालकाच्या तिजोरीत पडून राहिलेला कामगाराचा पैसा कामगाराच्या वस्तीत परत यावा, हा त्यामागचा विचार आम्हांला आजही विलक्षण वाटतो. त्यातून कामगार कल्याण केंद्रे आणि ललित कला भवने निघाली. तेथे ग्रंथालय होते, शिवणवर्ग होता, कबड्डी होती आणि नाटकाची तालीमही होती. कामगार नाट्यस्पर्धांनी मराठी रंगभूमीला काय दिले, हे नाटकाच्या अभ्यासकांना आम्ही सांगावयास नको. ‘तालीम’ हा एकच शब्द मराठीत पैलवानाच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला वापरला जातो, याचा अर्थ त्या केंद्रांच्या पायऱ्या चढताना कळत असे. येथे लक्षात घेण्यासारखे हे, की हा निधी कोणाच्या मर्जीवर नव्हता. तो देणे होते, आणि देणे कायद्याने वसूल होत होते.

मैदान आणि पगार दोन्ही गेल्यावर काय उरते, याचे उत्तर मराठी साहित्याने दोन वेळा दिले आहे. भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ १९६५ साली आले तेव्हा त्याच्या अश्लीलतेवरून गदारोळ झाला, आचार्य अत्र्यांनी त्यावर तुटून पडून टीका केली. त्या वादात नाक्यावरची ही पोरे दिवसभर नाक्यावरच का असतात, हा साधा प्रश्न मागे पडला. दुसरे उत्तर जयंत पवारांचे. त्यांच्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरच्या गिरणगावातले धुरी कुटुंब आहे. एक भाऊ लेखक होऊ पाहतो, एक टोळीच्या वाटेने जातो आणि एकाला क्रिकेटचे वेड आहे. समीक्षेने लेखक होऊ पाहणाऱ्या भावाची आणि गुंड झालेल्या भावाची बरीच दखल घेतली. क्रिकेटवेड्या मोहनकडे पुष्कळदा विनोदी विसावा म्हणून पाहिले गेले. आम्हांला मात्र तो नाटकातला सर्वांत करुण माणूस वाटतो. त्याच्याजवळ खेळाची उत्कटता आहे, खेळाचे ज्ञान आहे. नाही ते एवढेच, की त्या उत्कटतेला शिस्त लावणारा शिक्षक आणि तिला सामावून घेणारी जागा. क्रीडाशिक्षण म्हणजे काय, याची व्याख्या त्याच्याकडे पाहून करावी. एखादा विजेता घडवणे हे त्याचे दुय्यम फळ आहे. वाढत्या वयातल्या अंगातील ऊर्मीला नियम, सोबती आणि ठरलेली वेळ देणे हे त्याचे मुख्य काम.

आता या चर्चेतल्या सर्वांत अवघड जागेकडे यावे लागेल. आजवर आम्ही घर आणि मैदान यांचा उच्चार एका श्वासात केला. प्रत्यक्षात शहरात ती एकमेकांची स्पर्धक आहेत. मुंबईच्या विकास आराखड्यात क्रीडांगण किंवा उद्यान म्हणून राखलेल्या कित्येक भूखंडांवर प्रत्यक्षात झोपड्या आहेत. नियम असा, की असा भूखंड पाचशे चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याच्या ६५ टक्के भागावर पुनर्वसनाच्या इमारती बांधता येतात, ३५ टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. या तरतुदीविरुद्ध एका नागरी संस्थेने २००२ साली केलेल्या याचिकेवर जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तरतूद वैध ठरली, आणि उरलेला ३५ टक्के भाग खरोखर सार्वजनिक राहील हे पाहण्याची सक्ती झाली. एका बाजूचे म्हणणे, मैदाने शहराची फुप्फुसे आहेत, तेथील झोपड्या अन्यत्र हलवा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, डोक्यावर छप्पर नसणाऱ्यांपुढे मैदानाच्या गप्पा मारू नका. पहिल्या बाजूला आम्ही एवढेच विचारतो की ‘अन्यत्र’ म्हणजे कोठे? गिरणी कामगारांना थेट शेलू-वांगणीकडे घरे देण्याचा विचार पुढे आला तेव्हा त्यांच्या वारसांनी त्याला जो विरोध केला, तो केवळ जागेच्या किमतीसाठी नव्हता. घर पन्नास-साठ किलोमीटर दूर गेले की शाळा, काम, मंडळ आणि मैदान यांना जोडणारा धागाच तुटतो. दुसऱ्या बाजूला आम्ही असे म्हणू की छप्पर मिळालेल्या कुटुंबातही मूल असते, आणि ते मूल तीनशे चौरस फुटांत दिवसभर बसून राहणार नाही. त्याला खाली यायचे आहे. खाली काय असेल, हे आपण आज आराखड्यावर ठरवतो आहोत.

खाली येण्याचा हा प्रश्न वाटतो तितका काव्यात्म नाही. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाच्या हाती आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य, आणि त्याचा खर्च त्याच जमिनीवर बाजारभावाने विकल्या जाणाऱ्या घरांतून, अशी त्याची रचना. २०१७मध्ये भूमिपूजन झाले आणि ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या बाईच्या हाती स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातला संडास येणे, ही घटना किती मोठी आहे हे ज्याने चाळीतली रांग पाहिली आहे त्याला कळेल. तिच्यावर नाक मुरडणाऱ्या चाळप्रेमी स्मरणरंजनाशी आमचे काही देणेघेणे नाही. पण पूर्वीची चाळ तळमजला आणि वर तीन मजले एवढीच होती. नवी इमारत चाळीस मजल्यांची आहे. पूर्वी गॅलरीतून मारलेली हाक पटांगणात ऐकू येत असे. खेळणाऱ्या मुलावर साऱ्या चाळीची नजर असे आणि त्या नजरेच्या भरवशावर सात वर्षांचे मूल एकटे खाली जाई. तिसाव्या मजल्यावरून ती हाक पोहोचत नाही. म्हणून आता खाली कोणीतरी माणूस लागतो, पगारी, जबाबदार आणि शिकवणारा. क्रीडाशिक्षकाची गरज पूर्वी वस्तीची रचनाच अर्धीमुर्धी भागवत होती. ती रचना मोडून आपण घरे दिली असतील तर त्या भरपाईचा खर्च प्रकल्पाने सोसणे हे दान ठरत नाही, तो प्रकल्पाच्याच हिशेबातला खर्च ठरतो. प्रस्तुत प्रस्तावाच्या बाजूने आमच्याजवळ असलेला सर्वांत बळकट युक्तिवाद हाच.

घराची जागा आणि खेळाचे शिक्षण यांचे नाते दाखवणारे एक उदाहरण तर मराठी साहित्याच्या घरातलेच आहे. वांद्रे पूर्वेची साहित्य सहवास ही मराठी लेखकांच्या सहकारी संस्थेची वसाहत. साहित्यकृतींची नावे दिलेल्या त्या इमारतींच्या आवारात कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचा धाकटा मुलगा खेळू लागला. त्याचे पुढे काय झाले हे जगाला माहीत आहे. सांगितली जाते ती त्याच्या प्रतिभेची आणि रमाकांत आचरेकर सरांच्या गुरुत्वाची गोष्ट. तिच्या मागची गोष्ट वेगळी आहे. प्राध्यापकाच्या पगारात शहराच्या मध्यात घर मिळाले. त्या घराखाली आवार होते. बसच्या अंतरावर शिवाजी पार्क होते, जे महापालिकेने १९२५ साली सर्वांसाठी खुले केले आणि जेथे फाटकावर कोणी ओळखपत्र विचारीत नसे. तेथे शाळेच्या मुलांना घेऊन संध्याकाळ घालवणारा शिक्षक होता. यातली एकही गोष्ट त्या कुटुंबाने विकत घेतलेली नव्हती. प्रतिभा देवाघरची असेल. बाकीचे चारही दुवे सार्वजनिक धोरणाचे होते. यांपैकी पहिला दुवा आज तुटलेला आहे. मराठीच्या प्राध्यापकाला आज वांद्र्यात घर मिळत नाही. आणि पुढचा मुद्दा असा, की ही सोय लेखकांच्या मुलांना मिळाली, तिचे कौतुक आपण केले. तीच सोय वस्तीतल्या मुलांना मिळावी म्हटले की आपण ‘निधी कोठून आणणार’ असे विचारू लागतो.

तर मग निधी घरांच्या नफ्यातून आणावा काय? आणावा, पण काही अटींवर, आणि त्या अटी पाळल्या जाणार नसतील तर आणू नये. पहिली अट जमिनीची. निधीच्या बदल्यात मैदान कमी करण्याची मुभा असता कामा नये. पैशाने शिक्षक ठेवता येतो, चेंडू घेता येतो. मुंबईत पैशाने जमीन पुन्हा मिळत नाही. मैदान जमिनीवर हवे, मोटारींच्या पार्किंगच्या वरच्या पोडियमवर नको, आणि त्याला शेजारच्या वस्तीसाठीही उघडे असणारे दार हवे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या आवश्यक गोष्टींत क्रीडांगण आहे, पण जुन्या वस्त्यांतील अनेक शाळा इमारतीच्या एकदोन मजल्यांत भरतात. अशा शाळांसाठी हे मैदान शाळेच्या वेळात राखून ठेवता येईल. दुसरी अट काळाची. नफा एकदाच येतो, पण शिक्षकाला पगार दर महिन्याला लागतो. प्रकल्प पुरा झाल्यावर दोन वर्षे शिबिरे भरवायची, टी-शर्ट वाटायचे आणि मग सारे थंडावायचे, असे होणार असेल तर त्याला शिक्षण म्हणू नये. घरांची विक्री सुरू होताच, नफ्याची वाट न पाहता, विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात रक्कम वेगळी काढून तिचा कायम निधी करावा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत देखभालीसाठी दर घरामागे विकासकाने सोसायटीच्या नावे वीस हजार रुपये ठेवण्याची तरतूद होती. रुपयांत गोठवलेली अशी रक्कम महागाईत दरवर्षी विरघळते, म्हणून ती प्रमाणात हवी. शिवाय ‘नफा’ हा शब्दच करारात नको. नफा म्हणजे काय हे हिशेबनीस ठरवतो. विक्रीची किंमत नोंदणी कार्यालयात लिहिलेली असते.

तिसरी अट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती पैशाविषयी नसून वाचेविषयी आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपण जाणतो. वस्तीतले व्यायाम मंडळ आणि कबड्डीचा संघ म्हणजे नुसते खेळाडू नसतात. प्रकल्पाच्या सभेत उभे राहून प्रश्न विचारू शकणारी तरुण पोरे तीच असतात. त्यांच्या संघाचा खर्च विकासक करू लागला, छातीवर त्याचे नाव आले, की त्याच पोरांनी दारोदार जाऊन संमतिपत्रांवर सह्या गोळा करायच्या, अशी अपेक्षा फार दूर नसते. बक्षिसांच्या रकमा वाढत जाऊन दहीहंडीचे काय झाले ते आपण पाहिले आहे. खेळाचा निधी विरोध विकत घेण्याचे साधन होणार असेल तर त्यात मुलांना खेळ मिळेल, वस्ती मात्र मुकी होईल. म्हणून हा पैसा विकासकाच्या हातून मंडळाच्या हाती कधीही जाऊ नये. तो कायद्याने वसूल व्हावा, सार्वजनिक विश्वस्त निधीत पडावा आणि त्याच्या वाटपात शाळा, रहिवासी आणि मुलांच्या आया यांना जागा असावी. १९५३च्या कायद्याने घालून दिलेला धडा हाच आहे. आया का, असे कोणी विचारील. मुली मैदानावर येतात की नाही हे प्रशिक्षकाच्या कौशल्याइतकेच मैदानावरचा दिवा, स्वच्छतागृह आणि परतीची वाट यांवर अवलंबून असते, आणि हे आयांना सर्वांत आधी कळते. महिलांच्या कबड्डीचे मैदान बारा मीटर बाय आठ मीटरचे असते. ते आखायला फार जागा लागत नाही. ते संध्याकाळी सात वाजता मुलींसाठी रिकामे ठेवायला मात्र अधिकार लागतो.

एक आक्षेप उरतो. सार्वजनिक शिक्षण हे शासनाचे कर्तव्य असताना ते घरांच्या बाजाराला का जोडावे? बाजार मंदावला की मुलांचा खेळ बंद, आणि बाजार तेजीत यावा म्हणून गरिबांनीच महागड्या मनोऱ्यासाठी प्रार्थना करायची, ही विटंबना नव्हे काय? आक्षेप खरा आहे. श्रीमंत वस्तीत प्रकल्प मोठा म्हणून निधी मोठा, आणि मानखुर्द-गोवंडीत नफा नाही म्हणून निधी नाही, असेही होईल. म्हणूनच आमचे म्हणणे असे की अशा निधीचा एक भाग शहरभराच्या सामाईक पेटीत जावा, आणि शाळांतील क्रीडाशिक्षकाच्या पदांना या निधीचा पर्याय म्हणून कधीही वापरू नये. तो शासनाच्या कर्तव्याला जोड म्हणून असावा. ज्या दिवशी एखादा अधिकारी म्हणेल की आता विकासकाचा निधी आहे, तेव्हा शाळेत खेळाचा शिक्षक कशाला, त्या दिवशी हा सारा प्रस्ताव उलटा झाला असे समजावे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या चर्चेत काय काम, याचे उत्तर आता द्यावयास हरकत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या नियमांत बदल होतो तेव्हा शासन सूचना आणि हरकती मागवते. त्या मसुद्यांची भाषा क्लिष्ट असते आणि वस्तीतल्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही. कविता वाचताना एका शब्दावर तासभर बोलणाऱ्या आपल्या लोकांनी त्या मसुद्यातले ‘मोकळी’, ‘परवडणारी’, ‘स्थानिक’ आणि ‘नफा’ हे चार शब्द तेवढ्याच चिकाटीने वाचावेत. २००१ साली एका शब्दाकडे वेळेवर पुरेशा लोकांचे लक्ष गेले नाही, त्याची किंमत गिरणगावातली मुले आजही मोजत आहेत. पुढचा मसुदा येईल तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या दोन माणसांसोबत बसून तो मोठ्याने वाचावा आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवावी.